शेवटी येणाऱ्याने कडी लावायची

थोरल्याच्या हातात तेलाची पिचकारी दिसली आणि ताईने प्रवासाची पिशवी उंबऱ्यातच टाकली.

"दादा, काय केलंस हे?"

थोरला दारापुढे उकिडवा बसला होता. बाह्या वर दुमडलेल्या, गुडघ्याशी पाना, आणि कडीवरून तेलाचा ओघळ फरशीवर उतरलेला. त्याने मान वर केली नाही. कडी एकदा मागे ओढली, एकदा पुढे सरकवली. ती हूं की चूं न करता गेली.

"बघ, कशी चालते आता," तो म्हणाला.

"चालते? अरे, ती ओरडायला हवी होती! जज्जसाहेब तिचा आवाज ऐकायला येतायत आज. आवाज! आणि तू तिला तेल पाजून बसलास?"

आतून अण्णा आले. अर्ध्या तोंडाला साबण, अर्धी दाढी झालेली. त्यांच्यामागून थोरल्याची बायको आली. तिला घरात सगळे वहिनीच म्हणत, अण्णासुद्धा. तिने कडीकडे पाहिले, मग नवऱ्याकडे, आणि मटकन खुर्चीत बसली.

"अहो, मला विचारायचं तरी," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर थोरल्याला बरे वाटले असते.

"विचारलं असतं तर तू नकोच म्हणाली असतीस."

"म्हणजे माहीत होतं तुला!" ताई म्हणाली. "माहीत असून केलंस. कारखान्याच्या पाटीवरचं 'बंधू' पुसताना पण कोणाला विचारलं नव्हतंस. धाकटा तुरुंगात गेला तसा रंगाचा डबा घेऊन शिडीवर चढलास. आज तो घरी यायची वेळ आली, तर हे!"

थोरला उभा राहिला. त्याचे तोंड लाल झाले होते.  त्याने पाना एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

ते दार अण्णांनी लग्न झाल्या झाल्या स्वतःच्या हाताने बनवलेले. लोखंडी चौकट, लोखंडी पत्रा, वर जायच्या जिन्याचा खांब चौकटीलाच वेल्ड केलेला. तेव्हा जागाही कमी होती आणि अक्कलही. पुढे त्यांनी अर्ध्या शहराला दारे, गेट, खिडक्यांच्या जाळ्या करून दिल्या. पण घरचे दार वरची बिजागरी झिजून लोंबले ते लोंबलेच. कडी लावायची तर आधी दार उचलावे लागे. कोणी खांदा देई, कोणी लाथ. मग कडी अशी किंचाळे की वरच्या खोलीतल्या भाडेकरूला घड्याळ लागत नसे.

"लोकांची दारं गुळगुळीत, आणि आपलं हे असं," अण्णा बायकोला म्हणत. "एका दुपारचं काम आहे. करून टाकतो."

"हात लावायचा नाही," ती म्हणे. "नीट झालं तर मला कळणार कसं, कोण आलं ते?"

घरचा नियम तिचाच होता. जो शेवटी घरात येईल त्याने कडी लावायची. ती आत अंथरुणावर पडल्या पडल्या वाट बघे. कडी ओरडली की विचारी, "आले का सगळे?" बाहेरून उत्तर येई, "आले." मग ती कूस बदले आणि झोपे. अण्णांना यातले काही ऐकू येत नसे. त्यांची पाठ टेकली की ते मेल्यासारखे झोपत.

ज्या सकाळी धाकट्याला पोलिसांनी नेले, त्या रात्री थोरला सवयीने कडी लावायला गेला. आई आतून म्हणाली, "राहू दे. सगळे आलेले नाहीत."

त्यानंतर कडी लागली नाही. दार नुसते लोटून आतून खुर्ची लावत. खटला झाला, जन्मठेप झाली, अपील फेटाळले गेले. दार लोटलेलेच. मग ती आजारी पडली आणि गेली. ती गेल्यावर कोणी अण्णांना विचारले नाही, आणि अण्णांनीही कडीला हात लावला नाही.

आणि आज सगळा खेळ त्या कडीवर येऊन थांबला होता.

एका गोदामाच्या पहारेकऱ्याचा खून झाला, तेव्हा गोदामाचे नवे कुलूप धाकट्याने बसवलेले होते. दुपारी त्याची पहारेकऱ्याशी बाचाबाची झालेली. अंधारात कोणीतरी 'असाच एक बारीकसा' पळताना पाहिलेला. तो घरी होता असे घरच्यांनी सांगितले. कोर्ट म्हणाले, घरचे तसेच सांगणार.

परका माणूस एकच होता. वरच्या खोलीत राहणाऱ्या सिस्टर, सरकारी दवाखान्यातल्या नर्स. त्या रात्री त्या तापाने फणफणून जाग्याच होत्या. धाकट्याने कडी लावलेली त्यांनी ऐकली. त्यानंतर बऱ्याच वेळाने पहारेकरी मालकाशी फोनवर बोलला, म्हणजे तेव्हा तो जिवंत होता. आणि कडी सकाळपर्यंत पुन्हा निघाली नाही. घराला दुसरे दार नाही. सकाळी जिन्यात त्यांनी हे शिपायाला सांगितले. तो म्हणाला, "बाई, तुम्हाला ताप आहे, वर जाऊन पडा." पुढच्याच महिन्यात त्यांची बदली झाली. तोवर घरच्यांपैकी कोणाला कोणाशी बोलायची शुद्ध नव्हती. पुष्कळ वर्षांनी वहिनीला एकदम आठवले, की वर त्या होत्या. मग ती एकेक दवाखाना धुंडाळत गेली. डबा बांधून सकाळी निघायची, संध्याकाळी पाय सुजवून परत. शेवटी सिस्टर सापडल्या, निवृत्त झालेल्या, गुडघ्यांनी थकलेल्या, पण जिभेने नाही.

खटला पुन्हा उघडला. सरकारी वकील म्हणाले, आवाज वर जातो हे कशावरून? आणि गेला तरी हात कोणाचा हे कसं कळणार? दुसऱ्याच कोणी लावली असेल. तेव्हा न्यायाधीश म्हणाले, मी येतो. बघतोच.

"रॉकेल आणा," ताई म्हणाली. "तेल धुऊन काढू. वाळू घासू. पुन्हा ओरडेल."

"अहो, हो, आणा की," वहिनी नवऱ्याला म्हणाली. "अजून वेळ आहे."

दोघी एका बाजूला झाल्या होत्या आणि थोरला एकटा पडला होता. अण्णांनी त्याच्याकडे नीट पाहिले. त्याच्या उजव्या हाताची बोटे सोललेली होती. सालटी निघून रक्त वाळले होते.

"हे कशाने?" अण्णांनी विचारले.

"बसली होती ती, अण्णा." थोरल्याने कडीकडे बोट दाखवले. "पहाटेपासून ओढतोय. इतक्या वर्षांचा गंज. हलतच नव्हती. म्हटलं, जज्जसाहेब समोर, बारक्या समोर, आणि त्याला कडीच लावता आली नाही तर? म्हणून तेल घातलं. ती बोलायची बंद होईल हे डोक्यातच आलं नाही. हातात पाना घेतलाच होता, बिजागरी पण उचलणार होतो. पाहुणा येतोय, आणि लोहाराच्या घरचं दार..."

"बिजागरीला हात लावलास?" वहिनी ताडकन उठली.

"नाही. ताई आली ना ओरडत."

अण्णांनी टॉवेलने तोंडाचा साबण पुसला. "कोणी काही धुवायचं नाही," ते म्हणाले. "वाळू नाही, रॉकेल नाही. आहे तसं राहू द्या. विचारलं तर जे झालं ते सांगायचं."

"अण्णा, हरू आपण!"

"खरं सांगून हरलो होतो, ताई. आता लबाडी करून जिंकलो, तर त्याला कुठल्या तोंडाने घरात घेऊ?" एवढे बोलून ते आत गेले आणि राहिलेली अर्धी दाढी करू लागले.  एकदा गाल कापलाही.

*

न्यायाधीश ठेंगणे होते आणि त्यांना शिंका येत होत्या. त्यांच्याबरोबर कारकून, सरकारी वकील, त्यांचा ज्युनियर आणि घरच्यांची वकीलबाई. मागून पोलिसांची गाडी आली. त्यातून धाकटा उतरला.

अण्णांनी त्याला गजांमागून कितीदा पाहिले होते. पण गल्लीत, उजेडात, घराच्या दारासमोर पाहिले तेव्हा तो किती वाळला आहे ते कळले. तो दाराकडेच बघत होता.

वकीलबाईने आधीच आपणहून सांगून टाकले, की कडीला आज सकाळी तेल लागले आहे. सरकारी वकिलांनी हात जोडले, जणू देव पावला.

"साहेब, आणखी काय बघायचं? पुराव्यात ढवळाढवळ. आणि ती कोणी केली? सख्ख्या भावाने! त्यालाच धाकटा सुटायला नकोय."

"ओ वकीलसाहेब," ताई पुढे झाली. वहिनीने तिचा पदर ओढला, पण ती थांबली नाही. "माझ्या भावाला काय म्हणायचं ते मी म्हणेन. सकाळपासून म्हणतेच आहे. तुम्ही म्हणायचं नाही. त्याची बोटं बघा. गंजलेली कडी पाहुण्याला दाखवायची लाज वाटली त्याला. आमच्या घरात अक्कल कमी असेल, बेइमानी नाही."

थोरल्याने बहिणीकडे चकित होऊन पाहिले. धाकट्याच्या ओठांचा कोपरा हलला.

न्यायाधीशांना शिंक आली. रुमाल खिशात ठेवून ते म्हणाले, "कडी मुकी झाली. दार तर तेच आहे ना? साक्षीदारबाई काय म्हणतात?"

सिस्टर जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या होत्या. "मला वर न्या," त्या म्हणाल्या. "इथे बसून काय ऐकू, कपाळ?"

वरची खोली काल रिकामी केली होती. एरवी तिथे जाळ्यांचे तुकडे आणि रंगाचे डबे असत. न्यायाधीशांनी सिस्टरना त्या रात्रीसारखेच खाटेवर पडायला सांगितले. वहिनी, ताई, थोरला आणि धाकटा खाली. त्यांच्याबरोबर सरकारी वकील. ते नुसते बोट दाखवतील, ज्याच्याकडे बोट तो कडी लावेल, आणि कोणी अवाक्षर काढायचे नाही. क्रम खाली एक हवालदार लिहील. वर बाई काय म्हणतात ते कारकून लिहील.

"आणि हे वडील वर बसतील," सरकारी वकील म्हणाले होते. "खाली राहिले तर खोकून खुणा करतील."

म्हणून अण्णा वर स्टुलावर बसले, भिंतीकडे तोंड करून. ज्युनियर त्यांच्यावर डोळा ठेवून खिडकीत उभा राहिला.

बराच वेळ काही झाले नाही. मग पायाखालून एक दणका आला. खांबातून चढून फरशीत आला, स्टुलाच्या पायांतून अण्णांच्या हाडांत. एकच, जाड. त्यामागून कडीची मऊ सळसळ.

"थोरला," सिस्टर डोळे मिटून म्हणाल्या. "खांदा देतो. भिंत पाडायची असल्यासारखा."

कारकुनाने लिहिले.

दुसरा आवाज खालून आला, दाराच्या तळाशी, दोनदा.

"ताई. लाथ. लग्नाआधीपासून असंच. हिच्या आईने दहादा सांगितलं असेल, पत्रा चेपेल म्हणून."

न्यायाधीशांनी रुमाल तोंडाला लावला. शिंक मात्र आली नाही.

अण्णा भिंतीकडे बघत होते. भिंतीवर रंगाचा एक पोपडा सुटला होता. आपले घर वरून असे ऐकू येते, हे त्यांना माहीत नव्हते. त्यांची बायको खाली पडून हेच ऐकत असे. रोज. एकेक पोर आत येत असे आणि ती मनातल्या मनात जमा करत असे. आणि ते शेजारी घोरत पडत. एकदा जरी जागे राहिले असते, तर ती अंधारात सांगत गेली असती, हा कोण, ही कोण.

तिसरा आवाज विचित्र होता. खडखड, मग कडी चौकटीवर आपटली, पुन्हा खडखड, मग काहीतरी घसरले.

सिस्टरनी डोळे उघडले. "हा घरचा नाही," त्या म्हणाल्या. "याला दार उचलायचं असतं हेच माहीत नाही. कोण आहे हा? सांगा त्याला, बोट सापडेल."

ज्युनियरने ओठ दाबले आणि घाईने तोंड खिडकीकडे फिरवले.

चौथा. हलका, नेटका, एकदाच.

"वहिनी. एका हातात काहीतरी असतंच हिच्या. दार कमरेने ढकलते."

मग पुन्हा शांतता. आता एकच राहिला होता.  तुरुंगात माणूस स्वतःच्या हाताने कुठलेच दार लावत नाही. दुसरे लावतात, दुसरे उघडतात. इतकी वर्षे. हाताला आठवत असेल का?

खाली काहीतरी घासले आणि थांबले.  परत घासले, परत थांबले.

सिस्टर कोपरावर उठून बसल्या. "काही कळत नाही," त्या हळूच म्हणाल्या. कारकुनाचे पेन वर राहिले.

अण्णांनी डोळे मिटले. गुडघा लाव, त्यांनी मनात म्हटले. बारक्या, गुडघा. तू शाळेत असताना खांद्याने पोचत नव्हतास, म्हणून गुडघा लावायचास.

ठक. खाली, मधोमध. दार उचलले गेले. कडी सरकली. आणि मग दारावर उघड्या तळहाताची एक थाप पडली, घोड्याच्या पाठीवर मारतात तशी.

"तो!" सिस्टर ओरडल्या. "तोच! गुडघा, आणि शेवटी थाप. तापात डोकं फुटत होतं माझं, तरी तेवढी थाप ऐकली आणि म्हटलं, आला बाई, सुटली याची आई. लिहा, लिहा. माझा अंगठा हवा तर घ्या."

कारकून लिहीत होता.  तेवढ्यात खालून आणखी एक आवाज आला. गुडघ्यासारखा ठक, पण फार जड. कडी. आणि एक थाप.

सिस्टरनी कान दिला आणि त्यांचे तोंड हसू लागले. "हा थोरला. कोणीतरी त्याला धाकट्याची नक्कल करायला लावलीय. गुडघा नाही हो तो, लोखंड आहे! चौकट निघेल."

या वेळी न्यायाधीश मोठ्याने हसले.

सरकारी वकील धापा टाकत वर आले. त्यांच्या बोटाला रुमाल गुंडाळलेला होता. हवालदाराचा कागद आणि कारकुनाचा कागद शेजारी शेजारी ठेवले गेले. वकिलांनी ते दोनदा वाचले.

"साहेब, कोणीतरी खूण केली असणार."

"कोणी? म्हातारा भिंतीकडे बघतोय आणि तुमचा ज्युनियर त्याच्याकडे. आणि तो तिसरा परका माणूस तुम्हीच ना?" न्यायाधीश उठले. "बोटाला काहीतरी लावून घ्या. गंज आहे."

अण्णा उतरून खाली आले तेव्हा हवालदार धाकट्याला पुन्हा गाडीकडे नेत होते. तो क्षणभर थांबला.

"अण्णा, दार अजून तसंच?"

"तिने करू दिलं नाही."

"बरं झालं," धाकटा म्हणाला. आईला शेवटचे बघायला त्याला सोडले नव्हते. तिच्याबद्दल त्या दिवशी तो एवढेच बोलला.

*

निकालाच्या दिवशी कोर्टात ताई इतक्या जोरात रडली की शिपायाने तिला बाहेर काढले. त्यामुळे 'निर्दोष' हा शब्द तिने ऐकलाच नाही. तो तिला व्हरांड्यात थोरल्याने सांगितला. सांगताना तो स्वतःच एवढा गडबडला, की "सुटलो, सुटलो," असे म्हणाला.

दिवेलागणीला सगळे घरी आले. सिस्टरही आल्या. त्या वरच्या खोलीत मुक्कामाला होत्या, वहिनीने त्यांना जाऊच दिले नाही. कारखान्याच्या पाटीवर 'बंधू' पुन्हा आला होता, ओल्या रंगात, थोडा तिरका. ताई म्हणाली, अक्षर बघ, दारूच्या दुकानाची पाटी वाटते. थोरला म्हणाला, तू लिही मग. धाकटा पाटीखाली उभा राहून बराच वेळ वर बघत राहिला आणि मग भावाच्या पाठीवर त्याने एक थाप मारली.

जेवणे झाली. बोलणे मात्र संपेना. गाडीत काय झाले, वकीलबाई कशी हसली, सरकारी वकिलांनी शेवटी बोटाला टाके घालून घेतले की नाही. मध्येच धाकटा उठला, दारापाशी गेला आणि म्हणाला, "मी जरा बाहेर जाऊन येतो."



"कुठे?" ताईने विचारले. तिच्या आवाजात जुनी भीती होती.

"कोपऱ्यापर्यंत. आलोच."

थोरला त्याच्याबरोबर जायला उठला. अण्णांनी त्याला हाताने बसवले. त्यांना कळले होते.

ते आत गेले आणि अंथरुणावर पडले. आपल्या बाजूला नाही, तिच्या बाजूला. तिथून दार दिसत नव्हते. गल्लीत कोणाची तरी सायकल गेली. एक नळ बंद झाला. बाहेरच्या खोलीत सगळे खिडकीशी जमा झाले होते. ती अशीच पडत असेल, अण्णांना वाटले. एवढे लांब वाटत असेल.

पावले आली. दार लोटले गेले.

ठक. सळसळ. थाप.

मग काहीच नाही. बाहेर सगळे उभे होते. विचारणारी नव्हती, आणि तिच्याशिवाय तो प्रश्न कोणी विचारला नव्हता. अण्णांनी तोंड उघडले.  

"आले का सगळे?"

बाहेर कोणीतरी हुंदका दिला, बहुतेक थोरल्याने.

"आले, अण्णा," धाकटा म्हणाला. "आले."

तोच वरून फरशीवर काठी दणादण आपटली. "ऐकलं!" सिस्टर वरून ओरडल्या. "ऐकलं हो! झोपा आता!"

खाली हशा उसळला. त्या हशात अण्णांनी डोळे पुसले आणि कूस बदलली.